सरचूहून परत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू मोटरसायकलवर लडाखला जाऊन आलास, त्यावर पंधरा मिनिटं बोल, फोटो दाखव." फोटो आणलेत. चहाच्या वेळी दाखवीन. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे.

आम्ही लडाखला दोनदा गेलो. दुसऱ्या वेळचे, २०२४ चे फोटो तुम्ही ग्रुपवर बघितलेत, अंगठे पण दाखवलेत. पहिल्या वेळी, २०२२ ला, आम्ही लेहला पोचलोच नाही. "पाऊस लागला, रस्ता बंद होता, म्हणून परत आलो," असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. खरं काय झालं ते आज सांगतो.

ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो इथेच तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला मी आठ दिवसांपूर्वी विचारलं, "सांगू का?" तो म्हणाला, "सांग, पण नाव घेऊ नको. सून येणार आहे." म्हणून मी त्याला कप्तान म्हणणार आहे. आता आपल्या कबड्डी संघाचा कप्तान कोण होता, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा नाव किती लपलं ते तुम्हीच ठरवा.

आम्ही चौघं. कप्तान, टेम्पोवाला, बँकवाला आणि मी. आपल्या लहानपणचं रावेत आठवा. पवनेचा बंधारा, दोन्ही बाजूला ऊस, आणि आकुर्डी स्टेशनापर्यंत पायी किंवा सायकलवर ट्रिपल सीट. शेजारी आकुर्डीत स्कूटर बनत होत्या, पण गावात स्कूटर किती होत्या? बोटावर मोजण्याइतक्या. चेतकचा नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघायची. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आम्ही चौघं बंधाऱ्यावर बसलो होतो आणि ठरवलं होतं, आपली स्वतःची गाडी झाली की हिमालयात जायचं. त्या वेळी चौघांत मिळून एक सायकल होती, तीही टेम्पोवाल्याच्या चुलत्याची.

पुढं कोण आयटीआयला गेलं, कोण शेतीत राहिलं. २००१ ला चाकणला पल्सर बनायला लागली आणि आपल्या भागातल्या पोरांच्या हातात मोटरसायकली आल्या. आमच्या हातात मात्र तेव्हा शिफ्ट, घराचे हप्ते आणि पोरांच्या फी होत्या. ठरवलेलं राहूनच गेलं. पन्नाशी ओलांडल्यावर एकदा बास्केट ब्रिजवर उभं राहून खालच्या नदीकडे बघताना बँकवाला म्हणाला, "आता नाही गेलो तर मग नाहीच जाणार."

२ जुलै २०२२ ला पहाटे पाचला रावेतहून निघालो. रावेत ते लेह, मनालीच्या वाटेने, साधारण २,५०० किलोमीटर. माझी चाकणचीच पल्सर, फ्युएल इंजेक्शनवाली. कप्तानाची जुनी बुलेट, कार्बोरेटरची. तळेगाव-चाकणवरून नाशिक रस्ता पकडला आणि पहिला मुक्काम धुळ्याला केला. तिथून पुढं जुना आग्रा रोड. सावळद्याला तापी ओलांडली, बिजासनीचा घाट चढलो, खलघाटला नर्मदा लागली. नर्मदा आली की आपली माणसं गाडीवरूनच हात जोडतात. आम्हीही जोडले.

मग माळवा. इंदूर, उज्जैन, आगर, झालावाड. पेरण्या नुकत्या झालेल्या. घाटातल्या माणसाला सपाट मुलुखाची सवय नसते. इथं आपल्याला कुठंही बघितलं तरी एखादा डोंगर दिसतोच. तिथं तासभर गाडी चालवली तरी क्षितिज होतं तिथंच. काळी माती, मध्येच एखादं बाभळीचं झाड, बाकी सगळं आभाळ. कप्तान त्या रस्त्यावर एवढा खूश होता की हेल्मेटमध्ये मोठ्याने अभंग म्हणत होता. वारी तेव्हा पंढरपूरच्या वाटेवर होती. दरवर्षी तो देहूहून आकुर्डीपर्यंत पालखीबरोबर चालतो. त्या वर्षीही चालला होता आणि मगच आमच्याबरोबर आला होता.

कोट्याला पहिला अडथळा आला. टेम्पोवाल्याच्या गाडीची चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही गेले, वर मुसळधार पाऊस. एक पूर्ण दिवस गेला. तिथून जयपूर, मग पानिपत. पानिपतला काला आंबच्या स्मारकापाशी अर्धा तास थांबलो. १४ जानेवारी १७६१. शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकलेलं तिथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. घरापासून एवढ्या लांब आलेली माणसं, रसद तुटलेली, परतीची वाट बंद. बाई, तुम्ही शिकवलेलं सगळं आठवलं. पण शहाणपण त्यातून काही घेतलं नाही, हे पुढं कळेल.

९ तारखेला मनालीला पोचलो. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर. आता इथं आकडे सांगतो, कारण सगळी गोष्ट आकड्यांची आहे. आपलं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, १,६४६ मीटर. मनाली त्याच्याही वर. आमच्या मूळ बेतात मनालीनंतर जिस्पा नावाच्या गावात दोन रात्री राहायचं होतं. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आहे. बेत करताना बँकवाल्याने सगळं वाचलं होतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर झोपायचं नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. कारण वर हवेचा दाब कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. शरीर त्याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. पैसे, ताकद, व्यायाम यांनी ते लवकर होत नाही.

कोट्याला गेलेला एक दिवस भरून काढायचा होता. माझ्या रजा मोजून होत्या. मनालीच्या हॉटेलात मी म्हणालो, "जिस्पा कापू. सरळ सरचूला जाऊ." बँकवाला म्हणाला, "अरे, पण उंची..." मी म्हणालो, "आता बोगदा झालाय. पूर्वीसारखं राहिलं नाही."

हे माझं वाक्य होतं. अटल बोगदा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, नऊ किलोमीटरचा. रोहतांगचा अवघड घाट टळतो, ४६ किलोमीटर वाचतात. पूर्वी रोहतांगमध्येच एवढा वेळ जायचा की माणूस पहिल्या रात्री आपोआप केलाँगला किंवा जिस्पाला थांबायचा. रस्ताच त्याला थांबवायचा. बोगद्याने रस्ता सोपा केला, छाती तीच राहिली. सरचूची उंची ४,२९० मीटर आहे. म्हणजे एका दिवसात दोन हजार दोनशे मीटरहून जास्त चढून आम्ही तिथं झोपणार होतो.

आणि मी अजून एक केलं. त्या रात्री ग्रुपवर टाकलं: "उद्या सरचू, परवा लेह. कप्तान आहे तोवर काळजी नाही." तुमच्यापैकी चाळीस जणांनी त्यावर टाळ्या पाठवल्या होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

१० जुलै. आषाढी एकादशी. सकाळी निघालो, बोगदा पार केला. पलीकडं पाऊस जवळजवळ नाहीच. टांडीच्या पंपावर टाक्या आणि कॅन भरून घेतले. तिथं पाटीच होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. केलाँगला जेवायला थांबलो. कप्तान जेवला नाही. म्हणाला, "एकादशी आहे." आम्ही मान डोलावली. दरवर्षी तो एकादशी करतो, पण दरवर्षी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, केळी असं चांगलं दाबून खातो. त्या दिवशी त्याने केळंसुद्धा खाल्लं नाही. बाजूला जाऊन घरी फोन केला आणि आला.

दारच्याच्या पुढं चढ सुरू झाला तशी त्याची बुलेट खोकायला लागली. हवा विरळ झाली की कार्बोरेटरमधून पेट्रोल तेवढंच येतं, हवा कमी पडते, इंजिन गुदमरतं, काळा धूर मारतं. माझ्या पल्सरला सेन्सर आहे, ती पेट्रोल आपोआप कमी करते, तरी जोर कमी होतोच. बुलेटसाठी आम्ही बारालाच्याच्या चढावर तीनदा थांबलो. प्लग काढला, पुसला, स्क्रू फिरवून बघितले. माझे हात त्या कामात बसलेले. गाडीचा आवाज ऐकून मी सांगू शकतो कुठं काय बिघडलंय. गाडीसाठी तीनदा थांबलो. त्या तिन्ही वेळा कप्तान रस्त्याच्या कडेला दगडावर डोकं धरून बसला होता. त्याच्यासाठी एकदाही थांबलो नाही.

बारालाच्याच्या माथ्याजवळ सूरजताल नावाचं तळं आहे, भागा नदी तिथून निघते. निळंशार पाणी. आम्ही तिघांनी फोटो काढले. कप्तान गाडीवरून उतरला नाही. मी ओरडलो, "काय रे म्हाताऱ्या, दमलास?" त्याने अंगठा दाखवला. "बरा आहे." ते त्या दिवसातलं शेवटचं, जे मी नीट ऐकलं.

संध्याकाळी सरचू. उघडं पठार, नदीकाठी तंबू, वारा. कप्तान बूट न काढताच आडवा झाला. आम्ही म्हटलं, थकला असेल, झोपू दे. आम्हा तिघांचीही डोकी दुखत होती. पण कोणी कोणाला सांगितलं नाही. मी हळूच गोळी घेतली. नंतर कळलं, टेम्पोवाल्यानेही घेतली होती, माझ्याकडे पाठ करून.

रात्री साडेबाराच्या सुमारास कप्तान बाहेर जायला उठला. तंबूच्या दोरीत अडखळून पडला असं मला वाटलं. उचलायला गेलो तर तो मला म्हणाला, "सेकंड शिफ्ट सुटली का रे?"

त्याने नोकरी सोडून बारा वर्षं झाली होती.

मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. मला वाटलं झोपेत आहे. बँकवाला मात्र ताडकन उठला. त्याने टॉर्चच्या उजेडात जमिनीवर बुटाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "कप्तान, या रेघेवर चाल. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून." सर, ज्याने आपल्याला जिल्ह्यापर्यंत नेलं, एका पायावर झोल देऊन तिघांना बाद करून मध्यरेषेला यायचा, तो त्या रेघेवर दोन पावलं टाकू शकला नाही. दारूड्यासारखा कलंडला.

मेंदूला सूज यायला लागली की माणसाचा तोल जातो, बोलणं भरकटतं. बँकवाल्याने ते वाचलं होतं. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. औषध, प्राणवायू हे उतरता यावं म्हणून. आणि सरचूची अडचण अशी की तिथून खाली जायला आधी वर जावं लागतं. पुढं लेहच्या बाजूला गेलं तर गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला, लाचुंग ला, आणि त्यानंतरचं पांगसुद्धा सरचूपेक्षा उंच. मागं गेलं तर सुमारे सहाशे मीटर चढून बारालाच्या, आणि मग मात्र सलग उतार. दोन्हीकडून खिंडी, आपण मध्ये. ज्या जागी आजारी पडू नये अशा जागी मी त्याला नेऊन झोपवला होता.

तंबूवाल्याकडे प्राणवायूचा एक सिलिंडर होता. तो लावला. शेजारच्या तंबूत एक गाडीवाला झोपला होता, लाहौलचाच माणूस. त्याला उठवलं. वाटलं, म्हणेल सकाळी बघू, अंधारात घाटात कोण जाणार. त्याने कप्तानाच्या तोंडावर टॉर्च मारला, डोळे बघितले आणि बूट घालायला लागला. एवढंच म्हणाला, "अभी चलो. सुबह का इंतज़ार मत करो." भाड्याचा शब्द काढला नाही.

मी आणि कप्तान मागच्या सीटवर, सिलिंडर माझ्या मांडीवर. दिवसा बर्फ वितळून नाले फुगतात, रात्री थंडीने पाणी उतरतं, त्यामुळे नाले ओलांडता आले. बारालाच्यावर मी त्याला जागं ठेवायला शाळेतली हजेरी म्हणायला लावली. आपल्या वर्गाची, अ पासून. तो एक नंबर म्हणायचा, मध्येच थांबायचा, परत पहिल्यापासून. अकराव्या नंबरच्या पुढं त्याला जाता येत नव्हतं. तुम्ही सगळे त्या रात्री त्या गाडीत होतात.

उजाडायला दारचा आलं. जिस्पाच्या आधी कुठंतरी त्याने मला बघून विचारलं, "बुलेट कुठंय?" मी रडलो. गाडीवाल्याने आरसा दुसरीकडं वळवला.

केलाँगला दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. मला म्हणाले, "सकाळपर्यंत झोपू दिलं असतंत तर कदाचित उठले नसते." बाहेर येऊन मी वहिनींना फोन लावला. काय सांगायचं हे ठरवत होतो. सगळं ऐकून त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, काल दुपारी त्यांनी केलाँगहूनच फोन केला होता. म्हणाले, डोकं फुटतंय, अन्न बघवत नाही. तुम्हाला बोलले नाहीत का?"

शेजारी बसून जेवत होतो आम्ही. दोन हजारेक किलोमीटरवरच्या बायकोला त्याने सांगितलं आणि हातभर अंतरावर बसलेल्या मला नाही.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला तेव्हा मी विचारलं, "अरे, एक शब्द बोलायचास ना." तो म्हणाला, "तू ग्रुपवर काय टाकलं होतंस? कप्तान आहे तोवर काळजी नाही. मग मी कसं सांगणार?"

मित्रांनो, चाकणच्या कारखान्यात मी बावीस वर्षं लाईनवर काढली, त्यातली बरीच सुपरवायझर म्हणून. प्रत्येक स्टेशनला एक बटण असतं. काम करताना चूक दिसली तर कोणीही, कालच लागलेल्या ट्रेनी पोरानेसुद्धा, ते दाबायचं आणि लाईन थांबवायची. नवीन बॅच आली की मीच शिकवतो, "चूक दिसली तर दाबा, कोणी ओरडणार नाही." आणि तरी पोरं दाबत नाहीत. का? कारण त्यांना बटणाच्या मागं सुपरवायझरचं तोंड दिसतं. मिनिटाला किती गाड्या निघायच्या आहेत ते दिसतं. मग ते म्हणतात, पुढच्या स्टेशनला कोणीतरी बघेल.

त्या प्रवासात बटण चौघांकडेही होतं. कप्तानाने दाबलं नाही, बँकवाल्याने मनालीला अर्धं दाबून सोडलं, टेम्पोवाल्याने आणि मी गुपचूप गोळ्या खाल्ल्या. आणि सुपरवायझरचं तोंड माझं होतं. उंचीने कप्तानाला आजारी पाडलं हे खरं. पण बोलू दिलं नाही ते मी.

बँकवाला आणि टेम्पोवाला आपापल्या गाड्या घेऊन जिस्पाला उतरले. माझी आणि कप्तानाची गाडी लेहकडून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमधून खाली आली. घरी येताना चौघांनी ठरवलं, पाऊस लागला म्हणून सांगायचं. कप्तानाची लाज वाटू नये म्हणून, असं आम्ही म्हणत होतो. खरी लाज माझी होती.

पुढच्या वर्षी कप्तानच म्हणाला, परत जायचं. २०२३ ला हिमाचलात पुराने रस्ते वाहून गेले, ते राहिलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये निघालो. या वेळी गाड्या झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत पाठवल्या आणि श्रीनगरच्या वाटेने गेलो. ती वाट हळूहळू चढते. श्रीनगर सोळाशे मीटरच्या खाली, झोजी ला साडेतीन हजार, आणि मुक्कामाचं कारगिल पुन्हा खाली, २,७०० मीटरच्या आत. शरीराला वेळ मिळतो.

वहिनींनी परवानगी एका अटीवर दिली. रोज रात्री फोन करायचा आणि "बरा आहे" हा शब्द चालणार नाही. चार गोष्टी सांगायच्या. डोकं कसं आहे, झोप कशी लागली, जेवलास किती, आणि रेघेवर चालून दाखवलंस का. चौघांनीही सांगायचं, फक्त कप्तानाने नाही. पहिल्या दिवशी हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही फोनच्या आधीच एकमेकांना विचारायला लागलो. कारगिलला मीच म्हणालो, "माझं डोकं जड आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी लाईन थांबवली. एक दिवस थांबलो. जगबुडी झाली नाही. द्रासला आदल्या दिवशी धावपळीत बघितलेलं कारगिल युद्धाचं स्मारक माघारी जाऊन निवांत बघितलं.

लेहला तीन दिवस राहून परतीला मनालीची वाट धरली. टांगलांग ला, ५,३०० मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. तो उतरलो आणि समोर मोरे मैदान आलं.

हे बघायचं राहिलं होतं. सुमारे ४,७०० मीटरवर, चाळीसेक किलोमीटर सपाट. दोन्ही बाजूंना डोंगर, पण इतके लांब की ते कुंपणासारखे वाटतात. मध्ये पिवळं-तपकिरी खुरटं गवत, चांगपा लोकांचे कळप, पश्मिन्याच्या बकऱ्या. मला माळवा आठवला. तसंच आभाळ, तशीच सरळ वाट, फक्त चार किलोमीटर वर उचलून ठेवलेली. कप्तान सगळ्यात पुढं होता. आम्ही तसंच ठरवलं होतं, त्याच्या पुढं कोणी जायचं नाही. चाळीसच्या वेगाने चालला होता, बुलेट डगडग करत. मध्येच त्याने हात वर करून थांबवलं. आमच्या तिघांच्या पोटात गोळा आला. हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "काही झालं नाही. नुसतं बघू या थोडा वेळ."

त्या रात्री मुक्काम सरचूला केला. आठवडाभर शरीर रुळलेलं होतं. कप्तान रेघेवर दहा पावलं चालला आणि रात्रभर असा घोरला की शेजारच्या तंबूतून तक्रार आली.

आता शेवटचं. आपल्या वर्गातल्या काही खुर्च्या आज रिकाम्या आहेत. त्यातल्या एकाला दोन दिवस छातीत दुखत होतं. "गॅस असेल" म्हणाला, कोणाला सांगितलं नाही, कामावर गेला. मी त्याच आठवड्यात त्याला चौकात भेटलो होतो. "काय, बरा आहेस ना?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत गाडी सुरू केली. आपण सगळे आता चोपन्न-पंचावन्नचे. कोणाला साखर, कोणाला बीपी, कोणाचं घर, कोणाचं पोर. यातलं आपण एकमेकांना सांगत नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवतो.

माझी एवढीच विनंती आहे. आज घरी जाताना शेजारच्याला "बरा आहेस ना" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. झोप लागते का, जेवतोस का, चालतोस का, असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर खरं सांगा. लाईन थांबली तर थांबू दे.

सर, बाई, तुम्ही रोज हजेरी घेत होतात. आम्ही कंटाळून "हजर" म्हणायचो. बारालाच्यावर त्या रात्री मला कळलं की हजेरी कशासाठी असते.